ड्रममधल्या ताम्हणाची मुळं कापाची हीच वेळ

नवतपा, म्हणजे मे-जूनच्या सांध्यावरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, उरकला, दोन-तीन दमदार पाऊस झाले आणि कूलरची हवा चिकट लागू लागली, की गच्चीवरच्या मोठ्या झाडांची माती बदलाची वेळ आली समजा. जूनच्या शेवटापासून जुलैच्या मधापर्यंत, बस. मे महिन्यात मुळाले हात लावला तर झाड गेलंच.

मी ताम्हणाबद्दल सांगून राह्यलो, तेच जांभळ्या तुऱ्यांचं आपलं राज्यफूल. जमिनीत ते आरामात 40 फुटांच्या वर जाते. ड्रममध्ये आठ-दहा फुटांवर ठेवाचं असेल तर नुसती वरून कात्री चालवून भागत नाही, खालून मुळंही छाटा लागतात, आणि तेच कोणी करत नाही, मग तीन-चार वर्षांनी म्हणतात पाणी घातलं तरी पानं पिवळी पडून राह्यली, अरे बापा, आत माती उरलीच कुठं, सगळा मुळांचा गुंता झाला ना!

आदल्या दिवशी पाणी देऊ नका, मुळांचा गोळा सहज सुटते. बाजूनं अन् खालून गोल फिरलेली मुळं धारदार विळ्यानं दोनेक इंच कापा, एकूण मुळांच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नाही. तेवढ्याच मानानं वरच्या फांद्या कमी करा. मग दहा-पंधरा दिवस सावलीत, ड्रम हलत नसेल तर वरून हिरवी नेट.

मातीचं सांगतो. आपली काळी माती एकटी भरू नका, पावसात फुगून चिखल होते आन् उन्हाळ्यात कडेनं भेग पडून पाणी सरळ खाली निघून जाते. एक हिस्सा काळी माती, एक हिस्सा जाड रेती नाही तर बारीक मुरूम, एक हिस्सा कुजलेलं शेणखत, वरून दोन मुठी निंबोळी पेंड. तळाशी अर्धा फूट गिट्टी टाकतात ते काही कामाचं नाही, पाणी तिच्या वरच्या मातीतच अडकते. भोकं मोठी ठेवा, त्यावर खापराचा तुकडा, ड्रम विटांवर. खाली ताटली नको, मच्छर होतात.

माझी एक चूक सांगतो, पहिलं झाड मी काळ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये पश्चिमेच्या कठड्याजवळ ठेवलं होतं, पाणी रोज देत होतो तरी वाळलं, पावसात उपसून पाह्यलं तर उन्हाकडची मुळं भाजल्यासारखी. तेव्हापासून ड्रमले चुना मारतो आन् एप्रिलपासून भोवती ओला बारदाना गुंडाळतो.

200 लिटरचा ड्रम अर्धा कापला तरी ओल्या मातीसकट सव्वाशे-दीडशे किलो होते, म्हणून स्लॅबच्या मधात नाही, खाली बीम असेल तिथंच ठेवा. फुलं नव्या फुटीवर येतात, त्यामुळे मोठी छाटणी जानेवारी-फेब्रुवारीत, मार्चनंतर कात्री बंद, पावसाळ्यात मुळं छाटताना फांद्या कमी करता तेवढंच. बहावा, कांचनलेही माती-मुळांचं जवळपास हेच लागू, छाटणी मात्र फुलं येऊन गेल्यावर.

गुलमोहराचं विचारत असाल तर गच्चीवर नका लावू, फांद्या ठिसूळ आन् आपल्याकडचं वादळ तुम्हाले माहीतच आहे.