आधी तांब्या काढून बघा, मग ॲप ठरवा

"मॅडम, टॅब घेतलाय. चित्रकलेसाठी ॲप कोणतं टाकू?" मिरजेत मी घरीच चित्रकलेचे क्लास घेते आणि सुट्टी लागली की हा प्रश्न आठवड्याला दोनदा तरी येतोच. विचारणाऱ्या आईबाबांनी तोवर पाच-सहा ॲप उतरवून ठेवलेली असतात, आणि प्रत्येकात एकेक अर्धवट मोर असतो.

मी सांगते, मोर राहू द्या. सगळ्या ॲपमध्ये एकच तांब्या काढा.

पण त्याच्याही आधी हातातलं पेन बघा. पुढे रबरी बोंड असलेलं स्वस्तातलं पेन म्हणजे नुसतं बोटच, त्याला दाब कळत नाही. ॲपलच्या पेन्सिलींतही यूएसबी-सी नावाची जी आहे, ती तिरपी धरलेली ओळखते, दाबलेली ओळखत नाही. चित्रकलेसाठी घेणार असाल तर दुकानात एवढं विचाराच. माझ्याकडे सॅमसंगचा टॅब एस६ लाइट आहे. त्याचं पेन खोक्यातच येतं, चार्ज करावं लागत नाही आणि दाब बरोबर पकडतं. पेनाला दाबच कळत नसेल, तर कितीही भारी ॲप घ्या, रेघ तारेसारखी एकाच जाडीची येणार.

आता तांब्या. स्थिरचित्र शिकवताना मी मुलांपुढे पहिला तोच ठेवते, कारण त्यात सगळं आलं. तोंडाचा लंबगोल, मानेचा खळगा, पोटाची फुगीर रेघ, पितळेची चमक. ॲपमधली साधी पेन्सिल निवडा. रेघ सफाईदार करून देणारी सोय, म्हणजे स्टॅबिलायझर, शून्यावर आणा. नाहीतर लंबगोल मशीन काढतं आणि कौतुक तुमचं होतं. मानेपासून हलक्या हाताने सुरू करा, पोटावर दाब वाढवा, बुडाशी येताना सोडून द्या. रेघ बारीक-जाड-बारीक आली का? काचेवर टेकलेल्या तळव्याचे ठिपके उमटले नाहीत ना? मग वर नवा लेयर, म्हणजे चित्रावरचा पारदर्शक थर, घ्या, त्याचा मोड 'मल्टिप्लाय' करा आणि मोठ्या मऊ ब्रशने एका बाजूला सावली टाका. खालची रेघ सावलीतून दिसत राहिली पाहिजे. शेवटी बारीक ब्रशने पोटावर चमक द्या.

याला पंधरा मिनिटं लावा. त्यातली किती तांब्यात गेली आणि किती ब्रश शोधण्यात, यावर निवड करा.

एक सांगून ठेवते. सिमेट्रीचं बटण दाबलं की अर्धा तांब्या काढायचा, उरलेला आपोआप उमटतो. मुलांना ही जादू फार आवडते. पण एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांच्या कागदाला तसलं बटण नसतं, म्हणून माझ्या क्लासमध्ये त्याला बंदी आहे.

अँड्रॉइड टॅब असेल तर सुरुवात स्केचबुकपासून करा. स्क्रीनवर पसारा नाही, पेन्सिल खरीखुरी वाटते, आणि फुकट आहे. आयबिस पेंटमध्ये ब्रशचा डोंगर आहे, चित्र कसं घडत गेलं त्याचा व्हिडिओही तयार होतो. मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, काढणारी आठवी-नववीची पोरं त्यावर जीव टाकतात. फुकटच्या आवृत्तीत जाहिराती येतात आणि काही ब्रश जाहिरात बघितल्यावरच उघडतात. दहा वर्षांच्या मुलाच्या हाती द्यायचं असेल तर मला ते पटत नाही. क्रिता पूर्ण फुकट, ताकदीचं, पण मुळात कॉम्प्युटरसाठी बनलेलं. टॅबवर त्याची बटणं मोहरीएवढी दिसतात. आयपॅडवर ते मिळत नाही.

आयपॅडवाल्यांना प्रोक्रिएट. त्याचे पैसे एकदाच भरायचे, महिन्याचं भाडं नाही. काचेवर दोन बोटं टेकवली की शेवटची रेघ पुसली जाते, आणि त्याची इतकी सवय लागते की मी एकदा खऱ्या कार्ट्रिज पेपरवर दोन बोटं टेकवली होती. जलरंगवाल्यांनी अडोबी फ्रेस्को जरूर बघावं, त्यातले लाइव्ह ब्रश ओल्या कागदावर रंग पसरावा तसे पसरतात. 2024 पासून तेही फुकट झालंय. क्लिप स्टुडिओ पेंट कॉमिकच्या चौकटी आखणाऱ्यांसाठी उत्तम. टॅबवर मात्र त्याचं भाडं चालू राहतं, तेव्हा नुसत्या हौसेपोटी घेऊ नका.

चित्र छापायचं असेल तर पुढचं नीट वाचा. इथे मी स्वतः तोंडावर आपटले आहे. एका मंडळाच्या स्मरणिकेचं मुखपृष्ठ केलं, गणपतीला पोपटी शेला. नवीन चित्र उघडताना ॲपने जो आकार पुढे केला तोच घेतला, स्क्रीनएवढा, 2000 बाय 1200 पिक्सेल. छपाईला इंचाला 300 पिक्सेल लागतात, म्हणजे माझं चित्र जेमतेम साडेसहा इंच बाय चार इंचांचं होतं. ते ए-फोरवर ताणलं तेव्हा सोंडेच्या कडेला पायऱ्या पडल्या. आणि शेला प्रेसमधून येईपर्यंत शेवाळी झाला, कारण स्क्रीनवरचा तो झगझगीत पोपटी छपाईच्या चार शाईंत बसतच नाही.

तेव्हापासून ए-फोर म्हटलं की 2480 बाय 3508 हा आकार मी चित्र सुरू करण्याआधीच भरते. आकार मोठा केला की लेयर कमी मिळतात, टॅबची रॅम कमी असेल तर आणखी कमी. तुमच्या टॅबवर या आकारात किती लेयर मिळतात ते आधीच मोजा. दहा-बारा मिळाले तर पुष्कळ. सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या त्या चार शाईंच्या रंगांत, काम करायची सोय क्रिता आणि प्रोक्रिएट दोन्हींत आहे. आणि चित्र पीएसडी, म्हणजे लेयर सुटे ठेवणारी फोटोशॉपची फाइल, म्हणून बाहेर काढता येतं का, तेही बघा. प्रेसवाला तीच मागतो.

पूर्ण झालेलं चित्र ॲपच्या आत ठेवून निर्धास्त राहू नका. टॅबमध्ये जागा कमी पडली म्हणून ॲप काढून टाकलं तर आतली चित्रंही जाऊ शकतात. मी दर रविवारी पेन ड्राइव्हवर घेते.

सध्या क्लाससाठी स्केचबुक आणि छपाईच्या कामाला क्रिता, मोहरीएवढ्या बटणांसकट. काचेवर कागदासारखी खरखरीत फिल्म लावली आहे, हात घसरत नाही. तिच्यावर पेनाची टोकं मात्र लवकर झिजतात. जास्तीची टोकं मी पोस्टर कलरच्या रिकाम्या बाटलीत ठेवते, नाहीतर केर काढताना जातात.