नवं ग्राफिक्स कार्ड नेमकं कधी घ्यावं?

जून २००८ मध्ये एनव्हिडिया या कंपनीचं जीटीएक्स २८० हे ग्राफिक्स कार्ड, म्हणजे कॉम्प्युटरवर गेमची चित्रं रंगवणारा भाग, ६४९ डॉलरला आलं. त्याच महिन्यात तिची प्रतिस्पर्धी एएमडीनं रेडिऑन एचडी ४८७० आणलं, २९९ डॉलरला. वेगात ते थोडंसंच मागे होतं. काही आठवड्यांतच जीटीएक्स २८० ची किंमत ४९९ वर आली. पहिल्या दिवशी धावत जाऊन घेणाऱ्यांचे दीडशे डॉलर असेच गेले.

तेव्हापासून कार्डांची नावं बदलली, हा खेळ तोच राहिला. लाँचच्या दिवशी जाहीर होते ती कंपनीला हवी असलेली किंमत. कार्डाची खरी किंमत कळते प्रतिस्पर्ध्याचं उत्तर आल्यावर. म्हणून कार्ड निवडण्याइतकंच ते कधी घ्यायचं हे ठरवायला शिकायला हवं.

आधी आपल्या खर्चाचा आकडा ठरवा. लाँचचा कार्यक्रम पाहण्याआधीच. तुमचा मॉनिटर साधा फुल एचडी (१०८०पी) असेल तर सर्वांत महागड्या कार्डावर खर्च करू नका. नव्या कार्डासाठी पॉवर सप्लायही (पीसीला वीज पुरवणारा डबा) बदलावा लागणार असेल तर तो खर्च याच आकड्यात धरा. आकडा कागदावर लिहून ठेवा, कारण लाँचच्या आठवड्यात भलेभले तो विसरतात.

मग डॉलरचे रुपये करा. अमेरिकेतल्या जाहीर किमतीत तिथला विक्रीकर धरलेला नसतो. आपल्याकडच्या किमतीत १८ टक्के जीएसटी असतो. त्यामुळे डॉलरची किंमत गुणिले त्या दिवसाचा विनिमय दर, गुणिले १.१८ असा हिशोब करा. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५०७० ची किंमत ५४९ डॉलर जाहीर झाली, तेव्हा डॉलर ८६ रुपयांच्या आसपास होता. हिशोब येतो सुमारे ५५,७०० रुपये, आणि भारतासाठी जाहीर झालेली किंमत होती ५९,०००. म्हणजे पाच-सहा टक्के वर. एवढा फरक मी रास्त मानतो. दुकानदार याहून वीस-पंचवीस टक्के जास्त सांगत असेल तर तो टंचाईचा भाव आहे. अर्थात, जास्त पंखे आणि थोडा वाढवलेला वेग असलेली मॉडेलं मुळातच महाग असतात. तुलना साध्या मॉडेलशीच करा.

समोरच्या कंपनीची तारीख पाहा. माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे इथे वाचतात. जुलै २०१९ मध्ये एनव्हिडियानं ‘सुपर’ कार्डं आणली, तर एएमडीनं आपलं आरएक्स ५७०० एक्सटी विक्रीला येण्याआधीच ४४९ वरून ३९९ डॉलरवर आणलं. मे २०२३ मध्ये एएमडीच्या आरएक्स ७६०० ची किंमतही शेवटच्या क्षणी २९९ वरून २६९ झाली. जानेवारी २०२४ मध्ये एनव्हिडियाचं ‘४०७० टीआय सुपर’ ७९९ डॉलरला येताच एएमडीनं ८९९ ला आणलेलं आरएक्स ७९०० एक्सटी ७४९ वर उतरवलं. मार्च २०२५ मध्ये तर आरटीएक्स ५०७० पाच तारखेला आणि आरएक्स ९०७० एक्सटी सहा तारखेला विक्रीला आलं. अशा वेळी दोन्ही कार्डांची परीक्षणं वाचेपर्यंत खिशात हात घालू नका. दुसऱ्या कंपनीचं कार्ड दोन महिन्यांच्या आत येणार असेल तर थांबा.

टंचाई कोणत्या जातीची आहे ते ओळखा. एक टंचाई लाँचची असते. पहिला माल थोडा येतो आणि बॉट (आपोआप खरेदी करणारे प्रोग्रॅम) लावून तो उचलणारेही असतात. ती बहुतेकदा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरते. दुसरी खोलवरची. सप्टेंबर २०२० मध्ये आरटीएक्स ३०८० ६९९ डॉलरला आलं, पण त्या भावात ते फार थोड्यांना मिळालं. कोविडमध्ये घरी बसलेल्यांची मागणी होती, चिप बनवणाऱ्या कारखान्यांची क्षमता अपुरी होती, आणि त्यात इथेरियमचं मायनिंग, म्हणजे हे डिजिटल चलन मिळवण्यासाठी कार्डं दिवसरात्र चालवणं. या दोन जाती ओळखायची माझी खूण एकच: जुन्या पिढीच्या आणि सेकंडहँड कार्डांचे भावही चढतायत का? चढत असतील तर दोन-चार आठवडे थांबून काही साधणार नाही. आहे त्या कार्डावर गेमची सेटिंग्ज कमी करून भागवा, किंवा तयार पीसीचा भाव काढा, कारण मोठ्या पीसी कंपन्यांना कार्डं कराराने मिळतात. खोल टंचाई फुटते तेव्हा मात्र भाव कोसळतात. मार्च २०२२ मध्ये १,९९९ डॉलरला आलेलं आरटीएक्स ३०९० टीआय त्याच ऑगस्टमध्ये ११०० च्या आसपास मिळत होतं, आणि १५ सप्टेंबरला इथेरियमचं मायनिंगच बंद झालं.

कपात कशावर आहे तेही बघा. आरटीएक्स ५०६० टीआय ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन रूपांत येतं, लाँचच्या वेळी ३७९ आणि ४२९ डॉलर. आरएक्स ९०६० एक्सटीचंही तसंच. सवलतीच्या पाटीवर नाव तेच असतं, मेमरी मात्र ८ जीबी. चार वर्षं वापरायचं असेल तर १६ जीबीच घ्या.

आता दुकान. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर जा किंवा ऑनलाइन घ्या, तीन ठिकाणचे भाव त्याच दिवशी विचारा. २०२१ मध्ये भाचीच्या पीसीसाठी कार्ड शोधताना एका दुकानात मला सांगण्यात आलं, ‘मदरबोर्डही घ्या, तरच कार्ड देतो.’ मी परत फिरलो. नको असलेल्या वस्तूची किंमत कार्डाच्या किमतीत मिळवून पाहा, म्हणजे खरा भाव कळतो. बिलावर जीएसटी आणि कार्डाचा सिरीयल नंबर हवाच, आणि वॉरंटी भारतात कोण देणार हे पैसे देण्याआधी विचारा. घरी आणल्यावर एखादा जड गेम अर्धा तास चालवून तापमान आणि पंख्यांचा आवाज तपासा. परत करायची मुदत संपेपर्यंत खोका फेकू नका.