पेटीपेक्षा फटीकडे पाहा

इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेऊन सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेलच्या कारखान्यात मी देखभाल विभागात रुजू झालो, तेव्हा नाजूक सर्किटभोवती धातूची पेटी बसवली की शेजारच्या यंत्रांचा विद्युतचुंबकीय व्यत्यय मिटतो, एवढीच माझी समजूत होती. तेथे मोटारीचा ड्राइव्ह, म्हणजे तिचा वेग नियंत्रित करणारे उपकरण, सुरू होताच सुताचा ताण मोजणाऱ्या लोडसेलचे आकडे नाचू लागत. हा लोडसेल पूर्ण भारालाही जेमतेम 20 मिलिव्होल्ट देतो, तर शेजारचा ड्राइव्ह शेकडो व्होल्ट मायक्रोसेकंदाहून कमी वेळात चालू-बंद करत असतो. मी हौसेने 2 मिलिमीटर जाड ॲल्युमिनियमची पेटी करून आणली. आकडे तसेच नाचत राहिले.

जाडी पुरेशी होती, कारण 1 मेगाहर्ट्झचा प्रवाह ॲल्युमिनियममध्ये सुमारे 0.08 मिलिमीटरच्या थरातच बहुतांशी विरतो. चूक जोडांमध्ये होती. पावडर कोटिंगच्या रंगामुळे झाकण आणि पेटी यांचा विद्युतसंपर्कच होत नव्हता. शिवाय केबलची शिल्ड, म्हणजे आतल्या तारांभोवतीचे धातूचे आवरण, मी 15 सेंटिमीटरच्या तारेने अर्थिंगच्या बोल्टला नेली होती. मल्टिमीटरवर त्या तारेचा रोध जवळजवळ शून्य दिसे, परंतु 10 मेगाहर्ट्झला तिचा इम्पिडन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला होणारा एकूण विरोध, 9 ओहमच्या घरात जातो. कडेचा रंग पॉलिशपेपरने काढून फट बुजवणारे धातूच्या जाळीचे गॅस्केट लावले आणि केबल पेटीत शिरते तेथील प्लॅस्टिकच्या ग्लँडऐवजी शिल्डला चहूबाजूंनी धरणारा धातूचा ग्लँड बसवला, तेव्हा कुठे आकडे स्थिरावले.

नवख्यांनी घरीच स्टीलच्या डब्यात मोबाइल ठेवून, झाकण लावून त्यावर फोन करून पाहावा. बहुधा तो वाजतो, कारण 900 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी 33 सेंटिमीटर असते आणि झाकणाभोवतीची केसाएवढी अरुंद फटही तिच्या लांबीमुळे लहर आत शिरायला पुरेशी ठरते. फटीची रुंदी नव्हे, लांबी मोजायची, हे मला कोणी आधी सांगितले असते तर बरे झाले असते.

ट्रान्सफॉर्मरच्या 50 हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्रापुढे मात्र तांब्याचा पातळ पत्रा निष्प्रभ ठरतो. तेथे पोलाद किंवा म्यू-मेटल हा निकेल-लोखंडाचा मिश्रधातू लागतो, अथवा उपकरण सरळ दूर हलवावे, आणि माझ्या मते हाच सर्वांत स्वस्त उपाय आहे.

आता नवी पेटी रंगाला पाठवण्यापूर्वी झाकणाच्या कडेला मी स्वतः मास्किंग टेप लावतो, आणि एवढीच जागा कोरी का ठेवायची, असे रंगारी दरवेळी विचारतो.