किनाऱ्याजवळ पाणबुडी शोधताना: आधी पाणी मोजा, मग पिंग मारा

मुंबईसमोर भूखंडमंच (किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ) सुमारे तीनशे किलोमीटर आत जातो, आणि त्यातला बराचसा भाग शंभर मीटरहूनही उथळ. ९ डिसेंबर १९७१ ला दीवसमोर पाकिस्तानी पाणबुडी ‘हँगोर’ने भारतीय युद्धनौका ‘खुकरी’ बुडवली ती याच मंचावर. इथे आवाज तळ आणि पृष्ठभाग यांच्यात आपटत पुढे जातो, त्यामुळे पिंगची, म्हणजे सोनार (पाण्याखाली आवाजाने शोध घेणारं यंत्र) सोडतो त्या आवाजाच्या ठोक्याची, ताकद वाढवून फारसं साधत नाही. पाणबुडीच्या प्रतिध्वनीबरोबर तळाचा गोंगाटही तेवढाच वाढतो.

आधी एक्सबीटी (खोलीनुसार तापमान मोजणारी, एकदाच वापरायची प्रोब) टाकून तापमानाचा आलेख घ्या. पहाटेचा आलेख दुपारी वापरू नका. वारा पडलेल्या दिवशी वरचे काही मीटर तापतात, आवाज गार पाण्याकडे म्हणजे खाली वळतो आणि जहाजाच्या तळाच्या सोनारचा पल्ला दुपारी धाडकन घसरतो. गंमत अशी, की एक्सबीटीचे पहिल्या तीन-चार मीटरचे आकडेच भरवशाचे नसतात. शिवाय ती क्षारता मोजत नाही. क्षारता एका पीएसयूने (क्षारतेचं एकक) घटली तर ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १ ते १.३ मीटरने उतरतो, म्हणून पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी सीटीडीच (क्षारताही मोजणारं उपकरण) सोडा. चार्टवर तळ कसला आहे ते सांगणारी अक्षरं छापलेली असतात, तीही वाचा. चिखल आवाज गिळतो, खडक परत फेकतो.

आता पल्स, म्हणजे पिंगमधला आवाज कसा असावा ते. ७ किलोहर्ट्झला, ५ नॉटने थेट जवळ येणाऱ्या पाणबुडीचा डॉप्लर (तिच्या हालचालीमुळे प्रतिध्वनीच्या वारंवारतेत पडणारा फरक) सुमारे २४ हर्ट्झ भरतो. एक सेकंदाच्या एकसुरी पल्सला १ हर्ट्झचा फरक कळतो, म्हणजे ती गोंगाटातून सहज वेगळी निघते. अंतर मात्र ७५० मीटर इतकं ढोबळ. पाणबुडी आडवी चालली असेल किंवा तळावर बसली असेल तर डॉप्लर जवळपास शून्य, आणि हा पल्स आंधळा. तिथे १ किलोहर्ट्झ पट्ट्याचा एफएम (वारंवारता सरकत जाणारा) पल्स पाऊण मीटरपर्यंत अंतर सोडवतो. दोन्ही आलटूनपालटून मारा. पण एफएमवर बुडालेलं जहाजही झकास दिसतं, तेव्हा अशी ठिकाणं आधीच प्लॉटवर टाकून ठेवा.

हेलिकॉप्टरचा बुडवता (केबलने पाण्यात सोडायचा) सोनार तापलेल्या थराखाली सोडा, शक्यतो पाणबुडीकडून पाहता जहाजाच्या दिशेपासून ६० ते ९० अंश बाजूला. जहाजाला आडवी दिसणारी पाणबुडी त्याला डॉप्लर देते.

ओढता अ‍ॅरे (जहाजामागे केबलने ओढायची, आवाज ऐकणाऱ्या यंत्रांची माळ) जपून वापरा. पश्चिम किनाऱ्यावर मासेमारीबंदी साधारण १ जून ते ३१ जुलै. ती उठली की जाळी आणि ट्रॉलरचा आवाज दोन्ही परततात. वळताना वेग पडला की अ‍ॅरेची शेपटी खाली बसते. साठ मीटर पाण्यात ती तळाला घासते, म्हणून वळण घेण्याआधी केबल आखडून घ्या.