थंडीच्या डोंगरात जायचं तर आधी घामाचं बघा

बेळगावच्या वडगावात माझं शिवणाचं दुकान आहे. गेल्या जानेवारीत मी उत्तराखंडातल्या केदारकंठ या शिखरावर जाऊन आले. आल्यापासून ब्लाऊज टाकायला येणारी प्रत्येक बाई विचारते, "अक्का, एवढी थंडी सोसलीस कशी?" त्यांना सांगते तेच इथे सविस्तर लिहिते, कारण आपल्या भागातल्या बायका थंडीच्या नुसत्या नावानं मागं सरतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

आधी थंडी किती, त्याचा हिशेब. बेळगाव साधारण 2,500 फुटांवर आहे, केदारकंठ 12,500 फुटांवर. म्हणजे तीन किलोमीटरचा फरक. दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. आपल्याकडे पहाटे 13 अंश असेल, तर नुसत्या उंचीनंच 20 अंश कमी होऊन उणे 7 होतं. उत्तरेकडचा हिवाळा आणि वारा यांची त्यात आणखी भर. एवढी थंडी अंगावर नीट कपडे असतील तर सहज निभते. निभत नाही ती ओल.

हे मला आमच्या बेळगावजवळच्या राजहंसगडानं शिकवलं. पहिल्या वर्षी पहाटे येळ्ळूरहून निघताना मी सुती पोलकं, त्यावर सुती कुडता आणि वर जाड स्वेटर घातला होता. चढणीला अंगातून पाणी निघालं. वर पोचले, तटावर वारा लागला आणि दहा मिनिटांत दात वाजायला लागले. स्वेटर अंगावर असून काही उपयोग नव्हता. आत सगळं ओलंचिंब होतं.

घरी आल्यावर दुकानातल्या चिंध्या घेऊन बसले. वीतभर पॉपलीन, वीतभर खेळाच्या बनियनचं पॉलिस्टर आणि एका जुन्या लोकरी शालीचा तुकडा, तिन्ही पाण्यात बुडवले, पिळले आणि डिसेंबरच्या रात्री गच्चीवर दोरीला लावले. दोन तासांनी पॉलिस्टर जवळजवळ कोरडं झालं होतं. लोकर दमट होती, पण हातात धरली तर गार लागत नव्हती. पॉपलीन मात्र बर्फासारखं. सुती धागा पाणी पोटात धरून ठेवतो आणि ते वाळताना अंगाची ऊब ओढून नेतं. उन्हाळ्यात त्याचा हाच गुण आपल्याला हवा असतो. हा प्रयोग घरी करून बघा, मग कोणाला विचारावं लागणार नाही.

म्हणून अंगाला चिकटून पॉलिस्टर किंवा बारीक लोकर, त्यावर फ्लीस किंवा स्वेटर, सगळ्यात वर वारा अडवणारं जाकीट. जीन्स अजिबात नको. निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. पाच मिनिटं चाललात की अंग तापतं. मानेला घाम जाणवला की लगेच थांबून एक कपडा काढा. बरोबरचे पुढं गेले तरी जाऊ देत. विसाव्याला बसायच्या आधी तो परत चढवा. पिसांचं जाकीट चालताना घालूच नका, ते मुक्कामाला. भिजलं तर पिसांचे गोळे होतात आणि ऊब जाते.

बुटाचं सांगते. शिवणीत आपण माया, म्हणजे थोडं जादा कापड सोडतो, तशी बुटात माया हवी. जाड मोजा घालूनही बोटं हलली पाहिजेत. मोज्यावर मोजा कोंबला की रक्त अडतं आणि पाय जास्तच गार पडतात. झोपायचे मोजे वेगळे ठेवा, ते दिवसा बाहेर काढायचेच नाहीत.

तयारीला लांब जायला नको. नोव्हेंबरपासून दर रविवारी राजहंसगड, मधून महिपाळगड, पाठीवर सहा-सात किलो घेऊन. खानापूरच्या जंगलात मात्र अंधारात एकटं शिरू नका, तिथं अस्वलं आहेत. भीमगड अभयारण्यात तर वनखात्याची परवानगी लागते.

पुढचा प्रवास गोवा एक्सप्रेसनं निजामुद्दीन, तिथून डेहराडून, मग दिवसभर जीपनं सांकरी, हे पायथ्याचं गाव. डबा घरचाच: कडक भाकरी, शेंगाचटणी, गूळ, शेंगदाण्याचे लाडू. करदंट (आपली डिंक-सुक्यामेव्याची मिठाई) घेतलंत तर घरूनच बारीक तुकडे करून घ्या, थंडीत ते दगड होतं. खाणं वरच्या खिशात ठेवा. पिशवी उघडायला लागली की माणूस कंटाळतो आणि उपाशीच चालतो.

पाण्याची बाटली उलटी ठेवा. बर्फ वरून धरतं, तोंड खाली असलं की बूच मोकळं राहतं. रात्री बाटली आणि मोबाईल दोन्ही झोपायच्या पिशवीत. बायांनो, रात्री उठायला नको म्हणून पाणी कमी पिऊ नका. उंचीवर तहान कळत नाही, पण कोरडी थंड हवा श्वासावाटे पाणी नेत असते. लागली तर उठून जाऊन या. दाबून धरलं तर झोपही येत नाही.

झोपताना पांघरायच्या आधी अंथरायचं बघा. खालची जमीन वरच्या हवेपेक्षा जास्त ऊब खाते. वाकळ दुहेरी अंथरायची आमच्या आजीची सवय तिथं मला फार आठवली. डिसेंबर-जानेवारीत तिकडं सव्वापाच-साडेपाचलाच सूर्य जातो, म्हणून चार वाजता मुक्कामावर असा. बर्फावर ऊन पडलं की काळा चष्मा हवाच, नाहीतर डोळे भाजतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बरोबरचं माणूस गप्प झालं, अडखळायला लागलं, तर त्याला जाकिटाची बटणं लावायला सांगा. ऊब कमी झाली की सगळ्यात आधी बोटांचं बारीक काम जातं. आमच्यातल्या एका मुलीला तिसरं बटण काजात घालता येईना, आणि "थंडी वाजूलीय काय गं?" विचारलं तर "नाही" म्हणाली. तिथंच थांबलो. ओलं काढलं, कोरडं घातलं, खाली चटई सरकवली, गोड गरम चहा दिला. हातपाय चोळायचे नाहीत, दारू तर अजिबात द्यायची नाही. अर्ध्या तासानं ती हुडहुडायला लागली, म्हणजे अंग परत ऊब करायला लागलं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

उंचीचा त्रास वेगळा. डोकं दुखतं, मळमळतं, जेवण नको वाटतं, तर त्या दिवशी वर चढू नका. एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचा अंगठा लावत कोणाला सरळ रेषेत चालता येईना, किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी त्याला खाली आणा. बटण न लागलेल्या त्या मुलीला घेऊन आम्ही दोघी परतलो, शिखर बाकीच्यांनी केलं. मी ते दोन दिवसांनी दुसऱ्या गटाबरोबर केलं, ती यंदा करणार आहे.

घरी आल्यावर झोपायची पिशवी दोन दिवस गच्चीवर सावलीत वाळवा आणि कपाटात मोकळी टांगून ठेवा. दाबून ठेवली की पुढच्या वर्षी ती फुलत नाही.