गावाचा इतिहास लिहायचाय? वाड्यावर शेवटी जा

बत्तीस वर्षं शाळेत शिकवून मी निवृत्त झाले, गावाचा इतिहास लिहायला बसले आणि सुरुवातच चुकली. सरळ वाड्यावर गेले. महिनाभराने वहीत एकाच घराण्याची वंशावळ. तुम्ही असं करू नका.

आधी कागद. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी (गाव नमुना 6), आणि कोतवाल बुक, म्हणजे नमुना 14, यांच्या नकलेचा अर्ज द्या. खेटे पडतील, डबा घेऊन जा. कोतवाल बुकात जन्म-मृत्यू असतात. एकाच पंधरवड्यात ओळीने मृत्यू दिसले की साथ आली होती असं समजून पुढे शोधा. फार जुनी पानं मोडीत असतात. रोज तासभर गिरवलंत तर निदान नावं लागायला लागतात. फेरफारांत कूळ कायद्याच्या, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या कुळाला ती मिळवून देणाऱ्या कायद्याच्या नोंदी बघा. 1 एप्रिल 1957, म्हणजे कृषक दिनानंतर, कोणत्या कुळाचं नाव मालक म्हणून चढलं आणि कोणाचं राहून गेलं, त्यात अर्धं गाव कळतं.

मग माणसं. म्हाताऱ्यांना साल विचारू नका. "बहात्तरच्या दुष्काळाआधी का नंतर?" असं विचारा, किंवा "कोयनेचा भूकंप झाला तेव्हा कडेवर कोण होतं?" भूकंप 11 डिसेंबर 1967च्या पहाटेचा; लेकराच्या वयावरून बाकीची सालं जुळवता येतात. पुरुष जत्रा आणि निवडणुका सांगतात. बायका सांगतात दुष्काळी कामावर खडी कुठे फोडली, तिथे खायला सुकडी कशी मिळायची, कोणती विहीर आधी आटली. कोणाला कोणत्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते हे मात्र पारावर विचारू नका. त्या वस्तीत जा, ओट्यावर बसा, चहा घ्या, मग विचारा.

देवळामागे शेंदूर फासलेला दगड असेल तर तो वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, आहे का बघा. खालच्या चौकटीत लढाई आणि सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा असते. खाली गाई कोरल्या असतील तर गुरं राखताना कोणी पडला असावा. शेंदूर खरवडू नका, गाव अंगावर येईल.

छापण्याआधी वही पारावर मोठ्याने वाचा. माझ्या तिसऱ्याच पानाला दोघे उठून भांडले; त्यात एका बुजलेल्या विहिरीचं खरं नाव कळलं. वाड्याची वंशावळ परिशिष्टात गेली.