मूल इंग्रजी वाचताना अडखळते, तेव्हा अडचण वाचनाची की भाषेची हे कसे ओळखावे

पुण्यात घरी मराठी बोलणारी असंख्य मुले बालवर्गापासून इंग्रजी माध्यमात जातात. दुसरी-तिसरीत त्यांतली काही वाचनात मागे पडू लागली की पालक एक तर शिकवणी लावतात, नाही तर मुलाला डिस्लेक्सिया, म्हणजे अक्षरे-शब्द वाचण्यातली कायमची अडचण, असावा या धास्तीने खचून जातात. यांपैकी काहीही करण्याआधी मूल अक्षरांपाशी अडते आहे की शब्दांच्या अर्थापाशी, हे पाहावे, कारण या दोन्हींवरचे उपाय अगदी वेगळे आहेत.

डोळे आणि कान आधी तपासून घ्यावेत. मग मुलाने पूर्वी न वाचलेला, त्याच्या इयत्तेचा पाच-सहा वाक्यांचा इंग्रजी उतारा आपण सावकाश वाचून दाखवावा, प्रश्न मराठीत विचारावेत आणि उत्तरेही मराठीतच येऊ द्यावीत. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच अवघड उताऱ्याचे वाचन मुलाकडून करून घ्यावे. ऐकलेले नीट कळते पण स्वतः वाचता येत नाही, असे दिसले तर अडचण अक्षरांवरून उच्चार जुळवण्यात आहे. भराभर वाचून दाखवणाऱ्या मुलाला वाचलेले आणि ऐकलेले दोन्ही कळत नसेल, तर त्याच्याकडे इंग्रजी शब्दांचा साठाच अपुरा आहे. अशा मुलाला शंभर वेळा स्पेलिंग लिहायला लावून काहीही साधत नाही. दुसऱ्या भाषेत रोजचे बोलणे साधारण दोन वर्षांत जमते, पण अभ्यासाची भाषा आत्मसात व्हायला पाच ते सात वर्षे लागू शकतात, हे कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी दाखवून दिले आहे. तिसरीतल्या मुलाकडून आपण किती घाई अपेक्षितो, हे त्यावरून लक्षात यावे.

दोन्ही दिवशी मूल अडखळले, तर मातृभाषेकडे वळावे. मात्र ज्याला देवनागरी नीट शिकवलेलीच नाही, त्याला मराठी वाचायला देऊन निष्कर्ष काढणे हा अन्याय आहे. त्याच्याशी तोंडी खेळावे: ‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरते, ‘सकाळ’मधला ‘स’ काढला तर काय उरते, ‘गाडी’शी जुळणारे आणखी शब्द कोणते. यासाठी एकही अक्षर यावे लागत नाही. मोठ्या शिशुगटातली पुष्कळ मुले सरावाने हे करतात. तिसरीतल्या मुलाला सराव देऊनही स्वतःच्या भाषेत ते जमत नसेल, बोलायला उशीर झाला असेल किंवा घरात कुणाला वाचनाचा असाच त्रास असेल, तर तज्ज्ञांकडे जायला उशीर करू नये.

काही चुका मात्र मराठीच्या सवयीतून येतात. आपले मूल ‘बॅट’ हा शब्द ‘बॅ’ आणि ‘ट’ असा तोडते, कारण देवनागरीत व्यंजन आणि स्वर एकाच अक्षरात येतात. इंग्रजीत त्याला तीन सुटे ध्वनी ओळखावे लागतात. व्ही आणि डब्ल्यू या दोन्हींसाठी मराठीत एकच ‘व’ आहे, त्यामुळे लिहिताना त्यांची अदलाबदल होते. अशा चुकांवर रागावू नये. रोज दहा मिनिटे, कागदावर आखलेल्या चौकोनी खणांत एकेका ध्वनीला एक सोंगटी सरकवत ‘ब्’, ‘अॅ’, ‘ट्’ असे ध्वनी सुटे म्हणवून घ्यावेत. शब्दसाठा कमी असेल तर गोष्ट आधी मराठीत सांगावी आणि मगच तीच इंग्रजीत वाचावी. घरात मराठी बोलणे थांबवण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मानू नये, कारण अर्थ समजण्याची पायाभरणी त्याच भाषेत झालेली असते.

महापालिकेच्या मराठी शाळांत कन्नड, हिंदी किंवा लमाणी बोलणारी मुले येतात. त्यांच्यासाठी हीच पद्धत उलट्या बाजूने वापरावी: उतारा मराठीत द्यावा आणि प्रश्न मुलाच्या घरच्या भाषेत विचारावेत. प्रश्न विचारायला घरातल्या मोठ्या माणसाची मदत घ्यावी.

डिस्लेक्सिया ज्यात मोडतो त्या विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये आहे, आणि तिचे प्रमाणपत्र आठ वर्षांच्या पुढेच मिळते. मदत मात्र त्याआधीही सुरू करता येते. तपासणीला जाताना मूल घरी कोणती भाषा बोलते, इंग्रजी किती वर्षे शिकते आहे आणि वरच्या चाचण्यांत काय दिसले, हे लिहिलेली वही सोबत न्यावी आणि मराठीतूनही तपासणी व्हावी असा आग्रह धरावा.